नोकरीतील सासुरवास

(अभ्यासपाठ)

सासुरवास हा शब्द मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाही. जात्यावरच्या ओव्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या गाइला आहे. घासाघासाला टोमणा, केलेल्या कामात रोज नवी खोट, चारचौघांत माहेरचा उद्धार, आणि हे सर्व सोसून वर हसतमुख राहण्याची अपेक्षा, असे त्याचे स्वरूप. त्या काळी मुलीची पाठवणी करताना ‘सोस, दिवस पालटतील’ याहून निराळा उपदेश फारसा कोणी करीत नसे. सोसता सोसता कित्येकींची शरीरे खंगली, कित्येकींनी विहीर जवळ केली, हेही आपल्या समाजास ठाऊक आहे. पुढे समाजाची दृष्टी हळूहळू बदलली. २००५ साली आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा जो कायदा झाला, त्याने मारहाणीबरोबरच वाणीने व मनाने केलेल्या छळासही हिंसा हेच नाव दिले.

प्रस्तुत पाठात आम्हांस विचार करावयाचा आहे तो याच छळाच्या दुसऱ्या एका रूपाचा. ते रूप घराच्या उंबरठ्याबाहेर, कचेरीत, कारखान्यात, इस्पितळात, शाळेत, दुकानात आढळते. तेथे सासूच्या जागी साहेब असतो, कधी मुकादम असतो, कधी बरोबरीचे सहकारीच असतात. छळ सोसणारा पुरुष असतो तशीच स्त्रीही असते. आणि घरी परतल्यावर त्यास जो उपदेश मिळतो तो मात्र शब्दशः जुनाच असतो : ‘सोस, दिवस पालटतील.’

हा विषय मंदिराच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण आपल्या समाजाच्या इतिहासातच आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपली पुष्कळ घराणी होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दौलतीत चाकरीच्या निमित्ताने आली आणि तेथेच स्थिरावली. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ असे तोंडाने म्हणत आपण पिढ्या घालविल्या त्या चाकरीतच. दौलती गेल्या, कचेऱ्या राहिल्या. कचेऱ्यांच्या जोडीला बँका, गिरण्या, औषधांचे कारखाने व संगणकाच्या कंपन्या आल्या. परंतु लागलेली नोकरी प्राण गेला तरी सोडू नये, हा संस्कार आपल्या घरांतून अद्याप पुसला गेलेला नाही. हा संस्कार एरवी गुणाचा. पण छळ चालू असता तोच पायातील बेडी होतो. कोठे धरावे व कोठे सोडावे याचा विवेक हा धर्माचाच विषय आहे, म्हणून तो येथे.

१. जाच कशास म्हणावे?

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शिस्त म्हणजे जाच नव्हे. कामात चूक झाली असता वरिष्ठाने ती दाखवावी, वेळेचा आग्रह धरावा, प्रसंगी कठोर शब्द बोलावा, हे त्याचे कर्तव्यच आहे. एखाद्या दिवशी कोणाचा तोल गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते मनमोकळेपणे मान्य केले, तर त्यासही छळ म्हणता येणार नाही. दोन सहकाऱ्यांचे मतभेद होतात, भांडणेही होतात. बरोबरीच्या दोघांचे भांडण हा छळ नव्हे.

छळाची तीन लक्षणे आहेत. पहिले, तो पुनःपुन्हा होतो. दुसरे, तो दीर्घकाळ चालतो. तिसरे, ज्याचा छळ होतो त्यास स्वतःचा बचाव करता येत नाही, कारण पद, पगार, बदली, शिफारस ही साधने दुसऱ्याच्या हाती असतात, किंवा दुसऱ्या बाजूस दहा जण व या बाजूस एकटा असतो. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ असे आपली भाषा ज्यास म्हणते, ते हेच.

हाइन्ट्स लायमान या नावाच्या, स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. अनेक लहान पक्षी एकत्र येऊन एखाद्या पक्ष्यावर तुटून पडतात, त्यासाठी प्राणिशास्त्रात जो ‘मॉबिंग’ हा शब्द वापरला जात होता तोच त्याने कचेरीतील छळास लावला. दिवसा उजेडी घुबड बाहेर दिसले की कावळे त्यास कसे टोचून हैराण करतात हे आपण पाहिलेले आहे. तसलाच हा प्रकार. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चाललेला वैरभाव, असे माप त्याने घालून दिले. अशा मापाचा एक लाभ असा की, जो तो आपल्या मनास लागलेल्या प्रत्येक बोलास छळ म्हणू लागत नाही, आणि ज्याचा खरोखर छळ होतो त्यास ‘तू फार हळवा आहेस’ असे म्हणून गप्प बसविता येत नाही.

या छळात आरडाओरड असतेच असे नाही. पुष्कळदा तो अगदी शांतपणे चालतो. मीटिंगमध्ये एकालाच बोलू न देणे. त्याचे काम काढून घेऊन त्यास दिवसभर रिकामे बसविणे, किंवा उलट अशक्य काम देऊन चुकीची वाट पाहणे. आवश्यक कागद मुद्दाम न देणे. चहाला सर्वांस बोलावून एकास वगळणे. त्याच्या बोलण्याची, गावाची, जातीची, रंगरूपाची थट्टा करणे. घरी आजारपण असता नेमकी त्याच दिवशी रजा नाकारणे. रात्री अकरा वाजता मोबाईलवर संदेश पाठवून सकाळी त्याचा जाब विचारणे. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते. म्हणूनच छळ सोसणाऱ्यास ती दुसऱ्यास सांगण्याची लाज वाटते. पण थेंबे थेंबे तळे साचते हे केवळ धनालाच लागू आहे असे नाही.

२. शरीर काय सांगते?

मनाचे दुःख मनातच राहते ही समजूत खरी नव्हे. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली दाखवून दिले की, संकट समोर दिसताच प्राण्याचे शरीर लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होते. मूत्रपिंडांवरील छोट्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदय जलद धावते, रक्तदाब वाढतो, यकृतातील साखर रक्तात येते, पचन मंदावते. १९३६ साली हान्स सेल्ये या कॅनडातील संशोधकाने पुढचे पाऊल टाकले. ताण दीर्घकाळ चालू राहिला तर शरीर प्रथम हादरते, मग तग धरते आणि शेवटी थकून खचते, अशा तीन अवस्था त्याने वर्णिल्या.

वाघ समोर आला तर ही सिद्धता प्राण वाचविते, आणि वाघ निघून गेल्यावर शरीर पूर्ववत होते. परंतु कचेरीत बसलेल्या मनुष्यास लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. मान खाली घालून तो ‘हो साहेब’ म्हणतो. शरीर मात्र आतून लढाईच्या तयारीत असते, आणि ही तयारी उद्या, परवा, तेरवा अशी रोज होत राहते. रात्री अंथरुणावर तोच प्रसंग पुन्हा मनात घोळतो आणि शरीर तो पुन्हा एकदा भोगते. झोप तुटते. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी चूक होते, आणि चूक झाली की छळणाऱ्यास निमित्त सापडते. डोकेदुखी, आम्लपित्त, मानपाठीचे दुखणे, छातीत धडधड, चिडचिड, अन्नावरची वासना उडणे किंवा भलत्या वेळी खात सुटणे, तंबाखू व मद्याकडे वळणे, या गोष्टी मागोमाग येतात. डॉक्टर पोटाचे औषध देतात आणि दुखण्याचे मूळ कचेरीतच राहते.

याविषयी आता मोठ्या प्रमाणावर केलेल्या पाहण्याही उपलब्ध आहेत. फिनलंडमधील इस्पितळांत काम करणाऱ्या ५,४३२ जणांच्या पाहणीचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा छळ दीर्घकाळ चालला होता त्यांच्यात खिन्नतेच्या विकाराचा धोका सुमारे चौपट आढळला. डेन्मार्क व स्वीडन या देशांतील ७९,२०१ नोकरदार स्त्रीपुरुषांचा सुमारे बारा वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी कोणासही आरंभी हृदयविकार नव्हता. शंभरांत सुमारे ९ जणांनी आपला छळ होत असल्याचे सांगितले होते, आणि त्यांच्यात हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचे प्रमाण ५९ टक्क्यांनी अधिक आढळले. याच भागातील ४५,९०५ जणांच्या दुसऱ्या एका अभ्यासात छळ सोसणाऱ्यांना मधुमेह जडण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी अधिक दिसून आले.

हे आकडे नीट समजून घेतले पाहिजेत. ५९ टक्के अधिक म्हणजे शंभरांपैकी ५९ जणांस विकार होतो असे नव्हे. छळ न झालेल्या मोठ्या समुदायात जेथे १०० जणांस विकार जडला असता, तेथे तितक्याच मोठ्या छळ झालेल्या समुदायात १५९ जणांस तो जडला, असा त्याचा अर्थ. शिवाय अशा पाहणीतून संबंध दिसतो. अमुक एका मनुष्याचा रोग अमुक साहेबामुळेच झाला असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. परंतु वैद्य ज्या गोष्टींची चौकशी करतो, म्हणजे मीठ, तूप, तंबाखू, व्यायाम, त्यांच्या रांगेत ‘कचेरीत तुम्हांस कसे वागवितात?’ हा प्रश्नही बसविला पाहिजे, इतके तरी त्यावरून निश्चित ठरते.

याच्या उलट बाजूचाही एक अभ्यास आहे आणि तो आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील १०,३०८ कर्मचाऱ्यांची पाहणी १९८५ साली सुरू झाली. तिच्यातील ६,४४२ पुरुषांच्या माहितीवरून २००५ साली असे मांडण्यात आले की, ज्यांना आपले वरिष्ठ न्यायाने वागवितात असे वाटत होते, त्यांच्यात हृदयरोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. न्याय ही केवळ कोर्टाची वस्तू नसून हृदयाचे औषध आहे, असे म्हणावयास यावरून आधार मिळतो.

३. विराटाची सभा

आपल्या प्राचीन ग्रंथांत या विषयाचे चित्र शोधावयाचे तर महाभारताचे विराटपर्व उघडावे. अज्ञातवासाच्या वर्षी द्रौपदी मत्स्यदेशच्या राणीकडे, सुदेष्णेकडे, सैरंध्री म्हणून राहिली. वेणीफणी करणे, उटणी व गंध उगाळणे हे तिचे काम. म्हणजे त्या वर्षापुरती ती राजकन्या नव्हती. नोकरीस राहिलेली एक परकी स्त्री होती. राणीचा भाऊ कीचक हा राज्याचा सेनापती. त्याची दृष्टी तिच्यावर पडली आणि तिने नकार देताच छळ सुरू झाला.

या कथेतील प्रत्येक पात्राची वागणूक अभ्यासण्याजोगी आहे. सुदेष्णेस सर्व माहीत होते. सैरंध्रीने ‘मला तेथे पाठवू नका’ असे विनविले असताही तिने सुरा आणण्याच्या निमित्ताने तिला कीचकाच्या घरी धाडलेच. तेथून निसटून सैरंध्री धावत राजसभेत आली; कीचकाने मागोमाग येऊन भरसभेत तिला लाथ मारली. तिने राजाकडे न्याय मागितला. विराट काय म्हणाला? तुम्हां दोघांचे माझ्यामागे काय झाले ते मला ठाऊक नाही, तेव्हा मी निर्णय कसा करू? डोळ्यांदेखत बसलेली लाथ त्यास दिसली नाही! कारण उघड होते. राज्याचे रक्षण कीचकाच्या बळावर चालले होते. असा कामाचा मनुष्य दुखवावा कसा? आजही ‘तो जरा तापट आहे, पण कामाला वाघ आहे’ असे म्हणून वरिष्ठ मंडळी दृष्टिआड करतात, तेव्हा विराटच बोलत असतो.

सभासदांनी सैरंध्रीविषयी हळहळ व्यक्त केली, कीचकास दोषही दिला. परंतु आसनावरून कोणी उठला नाही. युधिष्ठिर कंकाच्या वेषात तेथेच होता. अज्ञातवास उघड होईल या भीतीने त्यानेही तिला राणीच्या महालात निघून जाण्यास सांगितले. आपले स्वतःचे मनुष्य देखील पोटाच्या वा प्रतिज्ञेच्या अडचणीमुळे गप्प राहते, हा अनुभव नवा नाही. त्या रात्री ती पाकशाळेत भीमाकडे गेली, रडली, आणि उगाळून उगाळून घट्टे पडलेले हात तिने त्यास दाखविले. दुःख सांगताना तिने शरीर पुढे केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे नर्तनशाळेत भीमाने कीचकाचा वध केला हे सर्वांस ठाऊक आहे. त्या वधाचे अनुकरण करावे असे कोणी म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. आम्हांस त्यातून दिसते ते असे की, ज्या सभेने दिवसा न्याय द्यावयाचा तिने तो दिला नाही, म्हणून तो रात्रीच्या अंधारात रक्ताच्या रूपाने आला. आणि शेवट तर याहूनही बोलका आहे. कीचक व त्याचे भाऊ मारले गेल्यावर भयभीत झालेल्या राजाने राणीकरवी निरोप पाठविला तो कोणास? सैरंध्रीस : तू आता येथून निघून जा! छळाची तक्रार करणाऱ्यासच बदलीचा किंवा राजीनाम्याचा कागद मिळतो, ही रीत इतकी जुनी आहे. कीचक गेल्याचे कळताच सुशर्मा व कौरव मत्स्यदेशाच्या गाई हरण करण्यास चालून आले. एकाच अन्यायी मनुष्याच्या बळावर उभारलेले राज्य किती पोकळ असते, तेही व्यासांनी दाखविले आहे.

४. एकच मनुष्य दुष्ट असतो काय?

कीचकाचे नाव घेता येते. पण कित्येकदा छळणारा अमुक एक असा दाखविताच येत नाही. फ्रान्स टेलिकॉम या फ्रेंच कंपनीने २००६ नंतर तीन वर्षांत २२,००० माणसे कमी करण्याचे ठरविले. पुष्कळ कर्मचाऱ्यांना काढून टाकणे कायद्याने सोपे नव्हते. तेव्हा ती आपण होऊन निघून जावीत अशा प्रकारे बदल्या, कामांची उलथापालथ व दडपण यांचे धोरण चालविले गेले. न्यायालयापुढे ३९ जणांची प्रकरणे आली. त्यांपैकी १९ जणांनी आत्महत्या केली होती, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता. २०१९ च्या डिसेंबरात पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीस व तिच्या माजी प्रमुखांस दोषी ठरविले. छळ हे एखाद्या संस्थेचे धोरणही असू शकते, हे त्या निकालाने जगापुढे आले.

कायद्याने या विषयाकडे लक्ष दिल्यास फार काळ झालेला नाही. स्वीडनने १९९३ साली कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध नियम केले. फ्रान्सने २००२ साली, जपानने २०१९ साली कायदे केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये कामाच्या जगातील हिंसा व छळ यांविरुद्धचा १९० क्रमांकाचा करार संमत केला. आपल्या देशात विशाखा प्रकरणाच्या १९९७ च्या निकालानंतर २०१३ साली स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा अथवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असणे त्यान्वये बंधनकारक आहे, आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. जातीवरून अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्तीचा अपमान केल्यास १९८९ चा कायदा आहे. परंतु लैंगिक किंवा जातीय नसलेल्या नित्याच्या छळासाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून कुटुंब व समाज यांच्यावरील जबाबदारी अधिक.

५. तितिक्षा आणि अन्याय

येथे एक आक्षेप येईल. आपला धर्म सहन करावयास शिकवितो. मग तक्रार करणे धर्मास सोडून नाही काय? या आक्षेपाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी थंडी व उष्णता, सुख व दुःख ही येणारी जाणारी आहेत, ती सोसावीत, असे अर्जुनास सांगितले आहे. तितिक्षा ती हीच. परंतु ज्यास हे सांगितले त्यास हात जोडून बसावयास सांगितलेले नाही. त्याच अध्यायात त्यास उठून कर्तव्य करण्याची आज्ञा आहे. ऋतू, वार्धक्य, वियोग यांवर मनुष्याची सत्ता नाही, म्हणून ते सोसणे हा गुण. अन्याय मनुष्याने केलेला असतो आणि मनुष्यास तो थांबविता येतो. त्यास ऋतूच्या पंक्तीस बसविले की सोसणाऱ्याचे शरीर जाते आणि करणाऱ्याचा आत्मा जातो. दोघांचेही अकल्याण करणारी गोष्ट धर्म कशी होईल?

त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे शारीर, वाङ्मय व मानस असे भेद केले आहेत. वाणीच्या तपात दुसऱ्याचे मन न दुखविण्यास पहिले स्थान आहे, आणि सत्यास त्याच्या लगतचे. पहिला भाग अधिकाऱ्याने ध्यानात धरावा, दुसरा साक्षीदाराने. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांस तोंडावर दोषी म्हटले आणि पद सोडले, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. ती सांगताना आपल्या शेजारच्या टेबलावरील मनुष्याचा अपमान होत असता आपण फायलीत डोके घातले होते, याचाही हिशेब मनाशी करावा.

६. काय करावे?

ज्याचा छळ होत आहे त्याने प्रथम एक वही करावी. दिनांक, वेळ, काय घडले, कोणते शब्द उच्चारले गेले, कोण उपस्थित होते, इतकेच लिहावे; आपली चीड त्यात मिसळू नये. संदेश व पत्रे जपून ठेवावीत. तोंडी आज्ञा मिळाली असता ‘आपण असे सांगितलेत, त्याप्रमाणे करीत आहे’ असे विनयाने लेखी कळवावे. विश्वासाच्या एका तरी व्यक्तीस सर्व सांगावे. तक्रार लेखी करावी व पोच घ्यावी. रक्तदाब व साखर तपासून घ्यावी आणि डॉक्टरांस केवळ पोटदुखी न सांगता कचेरीतील स्थितीही सांगावी. आणि शेवटी, दुसरी वाट शोधून नोकरी सोडणे हाही एक मार्ग आहे. शांतपणे, चार महिन्यांच्या खर्चाची तजवीज करून घेतलेला असा निर्णय पळपुटेपणा नव्हे.

घरच्यांनी बोलण्याआधी पाहावे. रविवारची संध्याकाळ झाली की चेहरा उतरतो काय? फोन वाजताच दचकणे, मुलांवर कारण नसता ओरडणे, मंदिरात येणे वा मित्रांत बसणे टाळणे, ‘माझ्याच्याने काही होत नाही’ असे वारंवार म्हणणे, या खुणा आहेत. अशा वेळी ‘सर्वांनाच सोसावे लागते’ हे वाक्य गिळावे आणि ‘काय झाले ते सांग’ एवढेच म्हणावे. हप्ता कसा फेडावयाचा, लोक काय म्हणतील, हे प्रश्न दुसऱ्या दिवशी घेता येतात. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोल कानी आले तर ते थट्टेवारी नेऊ नयेत, त्या मनुष्यास एकटे ठेवू नये आणि ताबडतोब डॉक्टरांचे साह्य घ्यावे. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेल्या टेली मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य बोलता येते.

जो साक्षीदार आहे त्याने सभेत उठून गर्जना केलीच पाहिजे असे नाही. अपमान झालेल्या सहकाऱ्याजवळ जाऊन बसणे, ‘मी पाहिले, ते योग्य नव्हते’ असे त्यास सांगणे, आणि चौकशी झाल्यास खरे ते बोलणे, इतके केले तरी एकटेपणाचे विष निम्मे उतरते.

जो स्वतः अधिकारी आहे त्याने दोष एकांतात सांगावा, गुण चारचौघांत सांगावा; दोष कामाचा काढावा, मनुष्याचा नव्हे. ‘आम्ही असेच शिव्या खाऊन शिकलो’ हे वाक्य म्हणजे सासूने सुनेस दिलेला वारसा होय. तो आपल्यापाशी थांबविणे हाच पुरुषार्थ.

७. आपल्या दारात

दुसऱ्याच्या कचेरीविषयी बोलणे सोपे असते. आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई एक दिवस उशिरा आली असता आपली वाणी कशी चालते? आपल्या दुकानातील मुलास आपण गिऱ्हाइकांदेखत काय म्हणतो? मंदिरात पहाटे चारला उठणारे पुजारी, उत्सवात शेकडो पाने वाढणारे आचारी, प्रांगण झाडणारे सेवक, हेही नोकरीच करीत असतात. कार्यकारी मंडळाचा प्रत्येक सभासद आपणांस त्यांचा साहेब समजू लागला तर एका पुजाऱ्यास पंधरा साहेब होतात. त्यांच्या पगाराची तारीख, रजेचा नियम, आणि तक्रार सांगण्याची एक ठरलेली जागा, ही देवापुढील नंदादीपाइतकीच आवश्यक मानावी. देवाच्या दारात कोणी मान खाली घालून उभा असेल तर तो भक्तीने असावा, भीतीने नसावा.

चर्चेसाठी प्रश्न

(कुटुंबात अथवा अभ्यासमंडळात पुढील प्रश्नांवर विचार व्हावा.)

१. शिस्त व छळ यांत भेद कोणता? आपल्या पाहण्यातील एकेक उदाहरण नाव न घेता सांगा.

२. विराट, सुदेष्णा, सभासद व कंक यांपैकी कोणाचा दोष अधिक? का?

३. गीतेतील तितिक्षा आणि अन्याय मुकाट्याने सोसणे यांत काय अंतर आहे?

४. आपल्या घरातील कमावत्या व्यक्तीस ‘कचेरीत तुला कसे वागवितात?’ असे आपण शेवटी केव्हा विचारले?

५. आपल्या घरी, दुकानी वा मंदिरात जे काम करतात त्यांना त्यांची तक्रार सांगावयाची झाल्यास ती कोणापाशी सांगता येईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना चटकन सापडणार नाही, त्यांनी आरंभ तेथूनच करावा.